‘करंटा’ कोणाला म्हणावे?

शब्दविचार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पंचवटीतील आमच्या महिला वाचक मंडळाने गारपिटीत द्राक्षबागा गेलेल्या निफाड तालुक्यातील काही कुटुंबांसाठी मदतीचे आवाहन काढले. मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘निसर्गाच्या कोपामुळे करंट्या ठरलेल्या आपल्या शेतकरी बांधवांना हात द्या’ असे मी लिहिले आणि पत्रक छापून वाटलेही गेले. आमच्या एका सभासद भगिनीच्या भावाची बाग त्याच गारपिटीत गेली होती. ते पत्रक वाचून मला म्हणाले, ‘ताई, मदत झाली नाही तरी चालेल, पण आम्हाला करंटे म्हणू नका.’ मला फार वाईट वाटले. घरी येऊन शब्दकोश पाहिला, तर त्यात ‘करंटा’ म्हणजे दुर्दैवी, कमनशिबी, अभागी असेच अर्थ दिले आहेत. मग माझे चुकले कोठे? शिवाय माझ्या नातवाने ‘करंट लागलेला तो करंटा का?’ असे विचारले, त्याचेही उत्तर द्यावे.

उत्तर : नातवाच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. विजेच्या करंटशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. सतराव्या शतकातील मराठीत हा शब्द पूर्ण रुळलेला दिसतो आणि त्या काळी महाराष्ट्रात विजेची तार कोणी पाहिलेली नव्हती. दोन शब्दांचा उच्चार जुळला म्हणजे त्यांचे कूळ एक असते असे नाही, एवढे त्याला सांगावे; प्रश्न मात्र त्याने चांगला विचारला आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. कोशातला अर्थ खोटा नाही आणि त्या बंधूंना झालेले दुःखही गैरसमजातून आलेले नाही. कोशकाराला एका शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी दुसऱ्या शब्दाचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे ‘करंटा म्हणजे दुर्दैवी’ असे छापले गेले की दोन्ही शब्द एका मापाचे आहेत आणि कोणताही कोठेही ठेवता येतो, असा वाचणाऱ्याचा समज होतो. तसे ते नाहीत, हे शब्दांची अदलाबदल करून पाहिली की लगेच कळते. आपण ‘दुर्दैवी घटना’ म्हणतो, पण ‘करंटी घटना’ असे कोणी म्हणत नाही, कारण दुर्दैव घटनेलाही चिकटते आणि करंटेपण केवळ माणसाला व त्याच्या वागण्याला चिकटते. ‘अपघातात दगावलेला दुर्दैवी तरुण’ हे शब्द वर्तमानपत्रात नेहमी येतात. त्या जागी ‘करंटा तरुण’ असे लिहून पाहावे. वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येईल तो असा, की या तरुणाने काहीतरी अविचार केला असावा. ‘दुर्दैवी’ या शब्दाने ज्याची कीव येते, त्याच्याच अंगावर ‘करंटा’ हा शब्द दोष टाकतो.

हा दोष कोणता, हे रोजच्या बोलण्यातून नीट कळते. विहिरीला पाणी असून रान पडीक ठेवणारा करंटा, अंगात हुशारी असून शाळा सोडून पारावर बसणारा करंटा, भावंडे जीव लावत असताना बांधाच्या हातभर जमिनीसाठी त्यांच्याशी अबोला धरणारा करंटा. या तिघांपैकी एकालाही दैवाने काही कमी दिलेले नाही. दिलेले त्यांना घेता आले नाही, किंवा घ्यायचे नव्हते. ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही म्हण ज्या माणसावर बेतलेली आहे, तोच हा करंटा. सिन्नरकडच्या माझ्या आजोळी आजी हा शब्द दोनच प्रसंगी वापरत असे: कोणी ताटात अन्न टाकून उठले तर, आणि दाराशी आलेल्याला कोणी रिकाम्या हाताने परत पाठवले तर. घरात पीठ नसले, पाऊस पडला नाही, बैल मेला, या गोष्टींसाठी तिच्याकडे वेगळे शब्द होते. त्या वेळी ती ‘आपला भोग’ म्हणे, ‘देवाची मर्जी’ म्हणे, पण स्वतःला किंवा शेजाऱ्याला करंटे म्हणत नसे.

या शब्दाला असे वळण देणारी एक मोठी साक्ष आपल्या नाशिकशीच जोडलेली आहे. समर्थ रामदासांनी तरुणपणी टाकळी येथे, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ, बारा वर्षे तप केले, ही परंपरा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. टाकळीचा गोमय मारुती आजही ती आठवण सांगतो. पुढे ‘दासबोधा’त त्यांनी करंट्याचा विचार एकदा नव्हे, तर दोनदा स्वतंत्र समास योजून केला. (दासबोधात ‘समास’ म्हणजे प्रकरण आणि ‘दशक’ म्हणजे दहा समासांचा गट.) अठराव्या दशकात ‘करंटपरीक्षा’ नावाचा समास आहे. एकोणिसाव्या दशकात ‘करंटलक्षण’ आणि त्याला लागूनच ‘सदेवलक्षण’ असे दोन समास येतात. (येथे ‘सदेव’ म्हणजे दैवासह असलेला, भाग्यवान, आजच्या वाचकाला ती ‘सदैव’ या शब्दाची छपाईची चूक वाटण्याचा संभव असल्याने मुद्दाम सांगितले.) समर्थांनी ‘लक्षण’ आणि ‘परीक्षा’ असे शब्द वापरले आहेत, याकडे लक्ष द्यावे. लक्षण वागण्यात दिसते आणि परीक्षा वागण्यावरूनच करता येते. कपाळावरचे लेखन कोणाला वाचता येत नाही. करंट्याला आळस आवडतो आणि यत्न कधी आवडत नाही, असे ते म्हणतात, आणि ही लक्षणे टाकली तर सदेवाची लक्षणे अंगी बाणतात, असे आरंभीच सांगून ठेवतात. याचा अर्थ असा, की समर्थांच्या लेखी करंटेपण हा दैवाने दिलेला शिक्का नसून सोडता येण्याजोगी सवय आहे. हा विचार ऐकणाऱ्याला मोठा धीर देणारा आहे. पण त्याच विचाराची दुसरी बाजू अशी, की करंटा राहिलेला माणूस स्वतःच्या करणीने तसा राहिला, असेही त्यातून निघते. मराठी मनात या शब्दाबरोबर जो ठपका येतो, तो येथे इतका स्पष्ट आहे की त्याकडे काणाडोळा करता येत नाही.

आता ज्या माणसाने आपले पत्रक वाचले, त्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग डावणी आणि भुरी या रोगांच्या भीतीने ढगाळ हवेत रात्रीअपरात्री उठून केलेल्या फवारण्या, घडांची विरळणी, मजुरांची जुळवाजुळव, सोसायटीचे आणि औषधाच्या दुकानाचे देणे, आणि एवढे सगळे करून घडांत साखर भरत असताना, काढणी चार दिवसांवर आलेली असताना, दहा मिनिटांच्या गारांनी मणी फुटून रस जमिनीवर. रामदासांनी ज्याला करंटा म्हटले त्याच्या नेमके उलट टोकाला हा माणूस उभा आहे. यत्नात त्याने कसूर केली नाही. ‘आम्हाला करंटे म्हणू नका’ या चार शब्दांत त्या बंधूंनी शब्दाचा जो अर्थ सांगितला, तो कोशातल्या नोंदीपेक्षा नेमका आहे, आणि तो त्यांना ठाऊक होता याचे मला आश्चर्य वाटत नाही. शब्दाची धार ज्याला लागते त्यालाच ती आधी कळते.

‘ठरलेल्या’ या शब्दाने आपल्या वाक्यात आणखी एक अडचण केली आहे. ‘निसर्गाच्या कोपामुळे करंट्या ठरलेल्या’ असे म्हटल्यावर कोणीतरी निवाडा करून त्यांना करंटे ठरवले, असा सूर येतो. निवाडा करणारे आपण नव्हतो, हे मी जाणतो. पण वाक्याने तो केला.

येथे कोणी विचारील, की मग ‘कपाळकरंटा’ हा शब्द कसा? त्यात तर दोष कपाळाचा, म्हणजे दैवाचाच आहे. हे खरे आहे, आणि ‘करंटा’ या शब्दात दैवहीन असा जुना अर्थ शिल्लक असल्याचा तो पुरावाही आहे. परंतु ‘कपाळकरंटा’ हा शब्द आपण केव्हा उच्चारतो, ते पाहावे. चांगली चालून आलेली नोकरी कोणी क्षुल्लक कारणासाठी सोडली, गावात पुलाचे काम मंजूर झाले आणि गावकऱ्यांनीच आपसांतील भांडणामुळे ते अडवले, की तोंडातून ‘कपाळकरंटे’ निघते. कपाळाचे नाव घेऊन आपण बोलतो ते करणीविषयीच.

या शब्दाच्या वापरात मला एक गोष्ट नेहमी जाणवत आली आहे, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात कोठे सांगितलेली नसली तरी बोलणारा प्रत्येक मराठी माणूस ती पाळतो. ‘करंटा’ हा शब्द प्रथमपुरुषात शोभतो. ‘गावात एवढा मोठा माणूस राहत होता, पण मी करंटा, एकदाही भेटायला गेलो नाही,’ या वाक्यात पश्चात्ताप आहे आणि नम्रताही आहे. ‘आपण करंटे, आपल्याच नदीची आपल्याला किंमत नाही,’ असे गोदावरीकाठी उभा राहून कोणी म्हणाला, तर तो स्वतःलाही त्या दोषात धरतो, म्हणून त्याचा राग ऐकून घेतला जातो. संतवाङ्मयात ‘पामर’ हा शब्द असाच स्वतःसाठी येतो. द्वितीयपुरुषात हक्काचे माणूस हा शब्द वापरू शकते. ‘अरे करंट्या, उठ की, दिवस डोक्यावर आला’ असे आई म्हणते तेव्हा त्यात रागाबरोबर माया असते आणि मुलाला ती ऐकू येते. तृतीयपुरुषात, समोर नसलेल्या किंवा उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाविषयी हाच शब्द वापरला की त्यातली माया आणि नम्रता दोन्ही निघून जातात आणि केवळ निवाडा उरतो. पत्रक नेहमी तृतीयपुरुषात बोलते.

आणि याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप आठवल्यावाचून हे उत्तर पुरे करणे मला योग्य वाटत नाही. ‘करंटी’ हा शब्द मराठी घरांनी आळशी बाईसाठी जितका वापरला, त्याहून कितीतरी अधिक तो विधवेसाठी, मूल न झालेल्या सुनेसाठी आणि पाठोपाठ मुली झालेल्या आईसाठी वापरला. ‘पांढऱ्या पायाची’ हा त्याचाच सोबती. माझ्या दूरच्या नात्यातील एक आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि त्यानंतर उभे आयुष्य त्या घरात ती भल्या पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत राहिली. लग्नकार्यात हळदीच्या वेळी तिला मागच्या खोलीत बसवले जाई आणि तिच्या देखत तिला ‘करंटी’ म्हटले जाई. तिच्यात आळस शोधूनही सापडला नसता. रामदासांच्या ‘लक्षण’ शब्दाला जी कसोटी अभिप्रेत होती, ती तिच्या बाबतीत कोणी लावली नाही. तेथे दैवाचा घाव आणि वागण्याचा दोष या दोन्ही अर्थांची गाठ मारून ती तिच्या गळ्यात बांधली गेली. शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळू देण्याचा परिणाम किती निष्ठुर होतो, हे मी त्या मागच्या खोलीत पाहिले आहे, आणि म्हणूनच आपल्या प्रश्नाचे उत्तर इतके लांबले.

मग पत्रकात कोणता शब्द लिहावा? ‘अभागी’ हा शब्द ठपका ठेवत नाही. भाग म्हणजे वाटा. ज्याला वाटा मिळाला नाही तो अभागी, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि वाटा न मिळण्यात दोष वाटणाऱ्याचा असू शकतो. पण हा शब्द माणसाच्या सबंध आयुष्यावर पसरतो. एक हंगाम गेला म्हणून कोणी अभागी होत नाही. ‘कमनशिबी’चेही तसेच. ‘बापडा’ हा फार जुना आणि गोड शब्द आहे, गुजरातीतला ‘बापडो’ आणि जुन्या हिंदीतला ‘बापुरा’ हे त्याचे भाईबंद. पण तो जवळच्या माणसाने बोलावा असा शब्द आहे, छापून वाटावा असा नाही. ‘असेल बापडे’, ‘जा बापडे’ यांसारख्या प्रयोगांत तर त्याचा अर्थ विरघळून केवळ उद्गार उरला आहे.

‘बिचारा’ हा शब्द अनेकांना सुचेल, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. फारसीत ‘चारा’ म्हणजे उपाय. जनावरांच्या चाऱ्याशी याचा संबंध नाही. ‘दुसरा चारा उरला नाही’ असे आपण म्हणतो, तो हा चारा. ‘बे’ म्हणजे विना. ज्याच्यापाशी उपाय उरला नाही तो ‘बेचारा’, म्हणजेच आपला ‘बिचारा’. आता गंमत अशी, की ‘लाचार’ हा शब्दही त्याच चाऱ्यापासून, ‘ला’ या नकारार्थी अरबी शब्दाच्या जोडीने बनलेला आहे, आणि त्याचाही मूळ अर्थ निरुपाय झालेला असाच आहे. तरीही मराठीत बिचाऱ्याची दया येते आणि लाचाराची घृणा वाटते. दोन पैशांसाठी कोणाच्याही पुढे वाकणारा तो लाचार, असा अर्थ आपण त्याला देऊन टाकला. एकाच निरुपायाचे हे दोन वारस आहेत. ‘दरिद्री’ शब्दाचेही असेच झाले. पैसे नसणे एवढाच त्याचा अर्थ होता, पण ‘दरिद्री विचार’, ‘दरिद्री वागणूक’ असे आपण म्हणू लागलो आणि गरिबीचे रूपांतर अवगुणात झाले. ‘गरीब’ या शब्दाचा प्रवास मात्र निराळा आहे. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, आपला मुलूख सोडून आलेला. परक्या गावात माणसाला कोणी नसते, म्हणून तो निर्धन, आणि मराठीत पुढे जाऊन ‘स्वभावाने गरीब’ म्हणजे निरुपद्रवी, सालस. दुःखाचे शब्द शिवीकडे घसरतात हा सर्वसाधारण अनुभव असताना हा एक शब्द कौतुकाकडे वळला, याचे मला समाधान वाटते.

आपल्या पत्रकासाठी मी ‘गारपीटग्रस्त शेतकरी कुटुंबे’ असे लिहिण्याची शिफारस करीन. शब्द सरकारी वाटतो, अशी आपली तक्रार असेल. पण त्याचे मूळ रुक्ष नाही. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, घासात धरलेला. ग्रहण लागलेला चंद्र तसाच मावळला तर पंचांगात ‘ग्रस्तास्त’ लिहितात, त्यातला हा ग्रस्त. चंद्राला ग्रासले म्हणून कोणी चंद्राला दोष देत नाही आणि ग्रहण सुटते, हेही सर्वांना माहीत असते. शिवाय या शब्दात काय घडले ते स्पष्ट येते. माणसाच्या नशिबाविषयी तो काही बोलत नाही. छापलेली पत्रके शिल्लक असतील तर ती नव्याने छापावीत, आणि एक प्रत त्या बंधूंना स्वतः नेऊन द्यावी.

प्रश्न : ‘जे का रंजले गांजले’ हा अभंग आम्ही सातपूरच्या आमच्या भजनी मंडळात नेहमी म्हणतो. मनोरंजन, रंजक या शब्दांत ‘रंजणे’ म्हणजे करमणूक होणे असा अर्थ आहे. मग दुःखी माणसाला ‘रंजला’ कसे म्हटले? आणि हे दोन शब्द जोडून लिहावेत की तोडून?

उत्तर : संस्कृतात ‘रंज्’ या धातूचा अर्थ रंगणे, रमणे असा आहे, रंग, रंजन, मनोरंजन, अनुरक्त हे सगळे त्याचे शब्द. तुकोबांच्या अभंगातील ‘रंजले’ या कुळातले असण्याचे कारण नाही, कारण पुढचाच शब्द ‘गांजले’ आहे आणि मराठीत जोडीने येणारे शब्द एकाच दिशेने पाहतात. फारसीत ‘रंज’ म्हणजे दुःख, कष्ट. हिंदीत ‘रंज’ आणि ‘रंजिश’ आजही चालतात. सतराव्या शतकातील मराठीत फारसी शब्द कचेरीतून थेट देव्हाऱ्यापर्यंत पोचलेले होते, त्यामुळे या ‘रंजले’चे नाते मला त्या ‘रंज’शी अधिक जवळचे वाटते. दोन भाषांतून आलेले दोन निरनिराळे शब्द मराठीत एकाच रूपाचे झाले, एवढाच हा प्रकार.

दोन शब्दांच्या अर्थांत जो बारीक भेद आहे, तो मला त्यांच्या उगमापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ‘रंजणे’ हे आपले आपण होते. माणूस दुःखाने, आजाराने, काळजीने रंजतो. ‘गांजणे’ याला कर्ता लागतो. सावकार कुळाला गांजतो, सासर सुनेला गांजते. ‘गांजणूक’ या शब्दात गांजणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो. म्हणून ‘रंजले गांजले’ ही नुसती अनुप्रासासाठी केलेली द्विरुक्ती नाही. जे स्वतःच्या दुःखाने झिजले आणि ज्यांना दुसऱ्याने झिजवले, असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात येतात. ‘करंटा’ या शब्दावर वर जी चर्चा केली, तिच्याशी ताडून पाहिले तर ध्यानात येईल की या जोडीत पीडिताला दोष देणारे एक अक्षरही नाही. आणि त्याच ओवीत पुढे ‘आपुले’ हा शब्द येतो. कार्यक्रमपत्रिकांतून ‘रंजल्यागांजल्यांना ब्लँकेटवाटप’ असे छापले जाते तेव्हा ‘आपुले’ नेमके गळून पडलेले असते. रामकुंडावर थंडीत झोपणाऱ्या माणसाचा फोटो काढून तो पाहुण्यांच्या नावाखाली छापताना तरी या शब्दाचा आधार घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

लेखनाविषयी : नाम म्हणून वापरताना ‘रंजलेगांजले’ असे जोडून लिहावे. ‘भलेबुरे’ (‘भल्याबुऱ्यांना’) या शब्दाप्रमाणे दोन्ही घटकांचे सामान्यरूप होते, म्हणून ‘रंजल्यागांजल्यांना’, ‘रंजल्यागांजल्यांचे’ असे लिहावे. ‘रंजलेगांजल्यांना’ हे अशुद्ध. अभंग उद्धृत करताना मात्र दोन शब्द सुटेच ठेवावेत.

प्रश्न : मी नाशिकरोड येथील महाविद्यालयात शिकते. काळाराम मंदिर सत्याग्रहावरील निबंधात मी ‘दीनदलितांना मंदिरप्रवेश मिळवून देण्यासाठी हा लढा होता’ असे वाक्य लिहिले. आमच्या सरांनी ‘दीनदलित’ या शब्दाखाली रेघ मारली, पण कारण सांगितले नाही. यात चूक काय?

उत्तर : व्याकरणाची चूक नाही. ‘दीन’ आणि ‘दलित’ या शब्दांची समाजात आपण इतकी वर्षे जोडी लावली आहे की त्यांच्या अर्थातले अंतर दिसेनासे झाले. सरांनी रेघ मारली ती बहुधा या अंतरासाठी.

‘दीन’ हा शब्द पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आलेला आहे. दीनवाणा चेहरा, दीनांचा नाथ, दीनांवर दया, या सर्वांत एक खाली आहे आणि दुसरा वर. खालच्याने हात जोडावेत आणि वरच्याने द्रवावे, अशी मांडणी त्यात धरलेली असते. ‘दलित’ ज्या धातूपासून आला तो ‘दल्’ म्हणजे फोडणे, चुरडणे. आपले ‘दळणे’ त्याच धातूचे. जात्यात दाणा आपोआप भरडला जात नाही. खुंटा धरून जाते फिरवणारा हात असतो. ‘दलित’ असे म्हटले की हा हात वाक्यात येतो, आणि ‘दीन’ म्हटले की तो दिसेनासा होतो. दोन्ही शब्द एकत्र केले की अन्यायाची भाषा दयेच्या भाषेत बुडते.

आपल्या निबंधाच्या विषयात तर हा भेद फारच महत्त्वाचा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे नेटाने चालवला आणि कित्येक वर्षे तो चालू राहिला. मंदिराच्या दरवाजांसमोर बसलेली ती माणसे दयेची याचना करत नव्हती. माणूस म्हणून असलेला हक्क ती बजावत होती. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. दीन माणूस अशी घोषणा करत नाही. १९७२ मध्ये तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव दिले, तेव्हाही ‘दलित’ हा शब्द त्यांनी स्वतःसाठी ताठ मानेने निवडला होता; त्याला ‘दीन’ जोडण्याचा विचारही त्यांना शिवला नसता.

तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट सुधारावी लागेल. ‘मिळवून देण्यासाठी’ असे म्हटल्याने देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा झाला. ‘मंदिरप्रवेशाचा हक्क बजावण्यासाठी दलित सत्याग्रहींनी हा लढा दिला’ असे लिहा. त्या काळातील कागदपत्रांतून उतारा देणार असाल तर तेथे ‘अस्पृश्य’ हा शब्द येईल. तो अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवा, बदलू नका, आणि आपल्या स्वतःच्या वाक्यात मात्र तो घेऊ नका. कायद्याच्या किंवा राज्यघटनेच्या संदर्भात ‘अनुसूचित जाती’ हाच शब्द योग्य. ‘दीन’ हा शब्द या निबंधात कोठेही लागणार नाही.